गोठा उठल्यावरचे डास

तोंडानं डास ओढायचं काम मी नोकरीभर केलं. हे असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी ते नीट समजावून सांगते. दीड वीत लांबीची काचेची नळी, तिच्या मागं जोडलेली रबराची नळी आणि दोन्हींच्या मध्ये बारीक जाळी. भिंतीवर बसलेल्या डासावर काचेचं टोक हळूच न्यायचं आणि रबराच्या टोकानं श्वास आत ओढायचा. डास नळीत येतो, जाळीमुळं तोंडात येत नाही. मग तो परीक्षानळीत सोडायचा आणि वर कापसाचा बोळा लावायचा. किती मिळाले, कुठल्या जातीचे, पोट रिकामं की रक्तानं भरलेलं, हे वहीत लिहायचं. झालं काम.

कागदोपत्री या पदाला कीटक समाहारक म्हणतात. वडील आरोग्याच्या एका कार्यालयात कारकून होते. नोकरीत असतानाच ते गेले आणि अनुकंपेवर मला जागा मिळाली. टेबल-खुर्चीची नोकरी असेल असं आई धरून चालली होती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या आनंदात शिरासुद्धा झाला. पहिल्या दिवशी मी घरी आले ती शेणानं भरलेल्या चपला हातात घेऊन. आईनं नळी बघितली, रबराचं टोक कुठं धरायचं ते ऐकलं आणि म्हणाली, "हे शेजारी कुणाला सांगू नकोस."

डास धरायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे गोठा. रात्रभर जनावरांचं रक्त पिऊन सकाळी ते तिथंच भिंतीला, कुडाला, पत्र्याच्या आतल्या बाजूला गप्प बसलेले असतात. माझ्या यादीतला सगळ्यात मोठा गोठा मुकुंदवाडीच्या कडेला होता. रेल्वेच्या रुळापासून थोडा आत, अकरा म्हशी आणि दोन गाया. मालकीण पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा वारलेला, मुलगी गंगापूरकडं दिलेली. मी त्यांना मावशी म्हणायचे. कधीकाळी त्यांची तिथं ज्वारी-बाजरीची शेती होती. शहर वाढत आलं तसे त्यातले तुकडे विकले गेले, त्यांचे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं उभी राहिली. शेवटी मावशींकडं गोठ्यापुरती जागा आणि त्याच्या मागची पडीक पट्टी उरली. वसाहतीची मागची भिंत आणि गोठ्याची कुडाची भिंत यांच्यात एक माणूस कसाबसा आडवा जाईल एवढंच अंतर राहिलं होतं.

पहिल्यांदा मला बघून मावशी म्हणाल्या होत्या, "डास घेऊन जाती व्हय? सगळेच घेऊन जा की!" नंतर सवय झाली. मी सहाला पोचायचे. धार काढता काढता त्या विचारायच्या, "किती घावले?" मी नळी वर करून दाखवायचे. लाल पोटाचे डास काचेला चिकटून असायचे.

"बघ, मपल्या म्हशीचं रगत पिऊन कसे टम्म झालेत," त्या म्हणायच्या. "तुला नाय चावत?"

"म्हशी सोडून मला कशाला चावतील?"

हे मी थट्टेत म्हणायचे, पण ते खरं होतं. गोठ्यात मला जे डास मिळत त्यातले बरेचसे भिंतीवर तिरपे बसणारे होते. बूड वर, तोंड खाली. हिवताप पसरवतो तो याच घराण्यातला. पण आमच्याकडच्या या जातीला जनावराचं रक्त जास्त आवडतं. म्हैस जवळ असली तर तो माणसाकडं फारसा वळत नाही. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि वहीतही तेच दिसत होतं. गोठ्यात नळ्यांवर नळ्या भरायच्या आणि भिंतीपलीकडच्या घरांत पंधरा मिनिटं शोधून एखादा सापडायचा.

मग लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडी धरणाचं पाणी खाली गेलं. नळाला पाणी यायचं ते आधी तीन दिवसांनी, मग पाच, मग आठ. वसाहतीत टँकर यायला लागले. प्रत्येक घरात निळे ड्रम आले, जमिनीखालच्या टाक्या आल्या, जिन्याखाली, न्हाणीघरात, गच्चीवर हंडे-पिंपं भरून राहिली. आणि आम्हाला वरून आदेश आला की घरोघर जाऊन सांगायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासून पुसून वाळवा.

एका घरात मी ड्रमवर बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंगीच्या डासाच्या अळ्या. तो डास पायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, त्याला म्हशीशी काही देणं-घेणं नाही. त्याला माणूस लागतो आणि साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. घरातल्या बाईंना मी अळ्या दाखवल्या आणि ड्रम ओतायला सांगितला.

"हे पाणी ओतू?" त्या म्हणाल्या. "काल सहा तास टँकरची वाट बघून भरलंय मी. तुमच्या घरी तुम्ही ओतता का?"

मी खोटं बोलू शकले नाही. आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरीही पिंप होतं आणि तेही आई कुणाला ओतू देत नव्हती. मी ताटानं, फडक्यानं, कशानं तरी झाका म्हणाले. फडक्यानं गाळून अळ्या काढून दाखवल्या. पुढच्या आठवड्यात गेले तर ड्रमवर फडकं होतं खरं, पण ते सैल पडून पाण्यात बुडालेलं. सोबत आणलेलं औषध टाकू का विचारलं तर "पिण्याचं पाणी आहे" म्हणून दार लावून घेतलं. दिवसाला चाळीस घरं करायची, चाळीस ठिकाणी हेच. एकेका दिवशी मला वरून आदेश देणाऱ्यांचाही राग यायचा, न ऐकणाऱ्यांचाही यायचा आणि पाण्याचा तर यायचाच.

त्या पावसाळ्यात पाऊस असा नव्हताच, नुसती भुरभुर. पण वसाहतीत ताप सुरू झाला. दोघाचौघांना डेंगी निघाली. वसाहतीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. नीटनेटके, बोलायला मऊ, दारात तुळस, गेटवर पितळी पाटी. त्यांनी मला एका सकाळी गोठ्यातून बाहेर पडताना गाठलं.

"मॅडम, जरा ती नळी दाखवता?"

मला बरं वाटलं. कुणी तरी स्वतःहून विचारलं होतं. मी उत्साहानं नळी उजेडात धरली, तिरपा बसणारा कोणता आणि सरळ बसणारा कोणता ते दाखवलं, भरलेली पोटं दाखवली. वहीतले आकडेही वाचून दाखवले.

"म्हणजे सगळ्यात जास्त डास गोठ्यात," ते म्हणाले.

"हो, पण काका, हे म्हशींना चावतात. तुमच्याकडं ज्यानं डेंगी होते तो वेगळा. तो तुमच्या गच्चीवरच्या टाकीत होतो. मागच्या आठवड्यात मी झाकण बसवायला सांगितलं होतं."

"झाकण बसवू हो. पण डास जास्त गोठ्यात, हे तुम्हीच म्हणालात ना?"

महिन्याभरानं वसाहतीचा अर्ज आमच्या कार्यालयात आला. खाली पन्नासेक सह्या. घाण, वास, माश्या, संध्याकाळी मावशी कडुनिंबाचा पाला आणि गोवऱ्या पेटवून करायच्या तो धूर, गोमूत्राची साचलेली चर. त्यात खोटं काही नव्हतं. ती चर मी स्वतः वहीत नोंदवली होती, तिच्यात साध्या डासांच्या अळ्या खच्चून असायच्या. पण अर्जाच्या मागं जोडलेला कागद मी दोनदा वाचला. माझ्याच वहीतले आकडे होते. गोठा, शेजारची घरं, महिनावार. कुणीतरी आमच्या कार्यालयातून मागून नेले होते. डास कुठं आहेत याचा पुरावा म्हणून.

मी त्याच दिवशी साहेबांकडं गेले. सोबत दोन पानी टिपण होतं. गोठा एकदम उठवू नये, तिरप्या डासांचं खाद्य एकाएकी गेलं तर ते शेजारच्या घरांत शिरतील. चर बुजवावी, शेणखड्डा झाकावा, गोठ्याच्या आतून फवारणी करावी आणि घराघरांतल्या टाक्यांना झाकणं बसवून घ्यावीत. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटं करून बघितलं.

"बाई, तुमचं काम डास धरायचं आहे," ते म्हणाले. "कुणाच्या म्हशी कुठं बांधायच्या ते ठरवायचं नाही."

"सर, पण आकडे माझेच वापरलेत. त्यांचा अर्थ उलटा लावलाय."

"म्हशींमुळं डास कमी होतात असं मी वर लिहून पाठवू? लोक हसतील मला."

"कमी होतात असं नाही सर. म्हशी डासांना पोसतात आणि माणसांपासून दूरही ठेवतात. दोन्ही होतं."

"दोन्ही होतं, हे उत्तर नसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी मी नुसती धुमसत होते. मी गोठ्यातल्या भरल्या पोटाच्या डासांचे रक्ताचे ठिपके शोषकागदावर घेतले आणि बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. रक्त जनावराचं की माणसाचं ते तिथं तपासून सांगतात. उत्तर हातात आलं की साहेबांच्या टेबलावर ठेवू असं मनाशी ठरवलं. घरांतले एखाद-दोन ठिपकेही त्यात होते. आठवडे गेले. मी टपालाच्या खोलीत रोज डोकावायचे. तिथला शिपाई मला बघितलं की लांबूनच मान हलवायचा.

उत्तराआधी नोटीस गेली. शहराच्या हद्दीत एवढी जनावरं ठेवता येणार नाहीत, ठरावीक दिवसांत हलवा. मी गोठ्यात गेले तेव्हा मावशी रिकाम्या गव्हाणीच्या कडेला बसल्या होत्या. दुष्काळानं कडबा मिळेनासा झालेला, म्हशी हाडांवर आलेल्या. त्यांनी धार अर्धवट सोडली होती.

"ये," त्या म्हणाल्या. "धर किती धरायचेत ते. लास्टचेच हायत."

"मावशी, मी साहेबांना लिहून दिलं होतं की गोठा हलवू नका."

"तुझ्याच वहीतला कागद हाय म्हणं. मला त्या पोरानं वाचून दाखविला, नोटीस घेऊन आला त्यानं. इतकी वर्सं चहा पाजला तुला, तू म्हशी मोजल्याच नाय, डासच मोजले."

मी त्या दिवशी एकही डास धरला नाही. नळी पिशवीतच ठेवून परत आले आणि वहीत त्या गोठ्यापुढं खोटंच शून्य लिहिलं. नोकरीत खोटी नोंद मी तेवढीच केली.

दोन टेम्पोंतून म्हशी गंगापूरकडं मुलीच्या गावी गेल्या. गाया आधीच विकल्या होत्या. वसाहतीनं भिंतीला रंग दिला. काही जणांनी मागच्या खिडक्या कित्येक वर्षांनी उघडल्या, वास गेला म्हणून. सुरुवातीचे काही दिवस मलाही वाटलं, आपणच चुकलो असू.

मग आठवड्या-दोन आठवड्यांनी मी वसाहतीत सकाळच्या फेरीला गेले. गोठा नसल्यानं आता डास घरांतच धरायचे होते. बायका झोपायच्या खोलीत येऊ देईनात, पुरुष "कशाला हो?" म्हणायचे. जिथं आत घेतलं तिथं मी पडद्यांच्या मागं, खुंटीवरच्या कपड्यांत, पलंगाखाली बॅटरी मारली. तिरपे डास बसलेले होते. लाल पोटं. जिथं पूर्वी पंधरा मिनिटांत एखादा मिळायचा तिथं आता नळी पुन्हापुन्हा रिकामी करावी लागत होती. अशाच एका खोलीत मी नळी तोंडात धरून उभी होते आणि मला बरोबर ठरल्याचा आनंद मुळीच होत नव्हता. त्या घरातल्या लहान पोराचं अंथरूण शेजारीच पसरलेलं होतं.

अध्यक्षांच्या पत्नीला थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं तर हिवताप निघाला. अध्यक्ष कार्यालयात येऊन माझ्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला असावा तसे, घोगरे.

"गोठा गेला तरी डास कसे? तुम्ही लोक करता काय?"

"काका, मी तुम्हाला नळी दाखवून सांगितलं होतं."

"तुम्ही आकडे सांगितले होते. आकड्यांवरून आम्ही काय समजायचं?"

त्याच सुमाराला प्रयोगशाळेचं पाकीट आलं. गोठ्यातले ठिपके जवळजवळ सगळे जनावराच्या रक्ताचे; घरांतल्या एखाद-दोन ठिपक्यांवरून काही ठरत नव्हतं. मी ते साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"आता गोठाच नाही तिथं," ते म्हणाले. "विषय बंद करा."

खरं सांगायचं तर या कागदानं मला हवं ते सगळं सिद्ध होत नव्हतंच. त्याच हंगामात सुखना नदीच्या कोरड्या पात्रात जागोजाग डबकी साचली होती आणि त्यांतही तिरप्यांच्या अळ्या होत्या. बाहेरगावाहून बांधकामाला आलेली माणसं ताप घेऊन आली असतील. ताप म्हशी गेल्यामुळंच आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. वसाहतीचं जसं एकच उत्तर ठरलेलं होतं, तसं माझंही एक ठरून गेलं होतं. पण एवढं नक्की होतं की ते डास पूर्वी त्या खोल्यांत नव्हते आणि आता होते.

वसाहतीत मग धुराचं यंत्र आलं. संध्याकाळी पांढरा धूर गल्लीगल्लीतून गेला, लोक गॅलरीत उभे राहिले, फोटो काढले, समाधानानं आत गेले. सकाळी मी पडद्यामागं बॅटरी मारली तर डास होतेच.

दिवाळीनंतर मी एका रविवारी गंगापूरची काळीपिवळी जीप धरली. सरकारी कामानं नाही, स्वतःहून. पिशवीत नळी मात्र होती. गावात विचारत विचारत मावशींच्या मुलीचं घर काढलं. मावशींनी मला ओळखून न ओळखल्यासारखं केलं, मग आतून पाण्याचा तांब्या आणला. म्हशी सातच उरल्या होत्या. त्या घराच्या ओसरीलाच बांधलेल्या, दारातून आत जाताना शेपटी अंगाला लागायची. जावयाला चोरीची भीती. घरात मुलगी गोधडी घेऊन पडली होती.

"ताप," मावशी म्हणाल्या. "दोनदा झाला. इथं तर म्हशी हायत की गं! तू म्हणायचीस म्हशी असल्या की माणसाला नाय चावत."

मी ओसरी बघितली, मग आतली खोली. नळी काढली. दोन्हीकडं डास होते, तेच तिरपे. म्हशीच्या वासानं यायचे, म्हशीला चावायचे आणि दोन पावलांवर निजलेल्या माणसालाही चावायचे. खोलीची भिंत आणि म्हशींच्या ओसरीची भिंत एकच होती.

"मावशी, म्हशी घराला चिकटून नको," मी म्हणाले. "इथनं त्या बांधाकडं, पंचवीस-तीस पावलं लांब बांधा. मधे मोकळं राहू द्या. डास तिकडं जातील आणि तिकडंच राहतील. चर रोज झाडून कोरडी करा. आणि मच्छरदाणी लावा."

जावई आधी नाही म्हणाला. मग मावशींनी त्याला बांधाजवळ स्वतःची बाज टाकून दाखवली, मच्छरदाणी लावून मीच राखण करीन म्हणाल्या, आणि त्या दुपारीच खुंटे उपटले. मी त्यांना दोर धरू लागले.

काम संपल्यावर आम्ही दोघी चहा घेत बसलो. मावशींची नजर बांधाकडच्या म्हशींवर होती.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या. "म्हशी लांब बांधायच्या, चर कोरडी करायची?"

"एवढ्यानं सगळं जात नाही. पण फरक पडतो."

"मग मुकुंदवाडीला माझी मागची अख्खी पट्टी मोकळी पडलेली व्हती की. भिंतीपासून लांब नेला असता गोठा. तिथं का नाय सांगितलंस?"

मी साहेबांना दोन पानं लिहिली होती. अध्यक्षांशी वाद घातला होता. प्रयोगशाळेला ठिपके पाठवले होते. जिच्या म्हशी होत्या तिच्याशी मी दर आठवड्याला चहा पीत बसत होते आणि तिला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं. निर्णय कार्यालयात होतात असं मी धरून चालले होते.

"मला कुणी इचारलंच नाय," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळं ऐकायला जास्त कठीण गेलं.

महिन्यानं मी पुन्हा गेले. खोलीत शोधायला बराच वेळ लागला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे डास निघाले. मुलगी उठून भाकऱ्या करत होती. बांधाजवळच्या नव्या गोठ्यात नळी भरली. मावशी म्हणाल्या, "आता हे लिही तुझ्या वहीत." मी लिहिलं. तो गोठा माझ्या यादीत नव्हता, त्यामुळं ती नोंद कुणीच कधी मागितली नाही.

त्यानंतर मी गोठ्यात गेले की आधी मालकाशी बोलायचे, मग नळी काढायचे. घरापासून अंतर ठेवा, चर वाहती ठेवा. काही जणांनी ऐकलं. बरेच जण म्हणायचे, "बाई, जागा कुठंय?" आणि ते बरोबरच बोलायचे, कारण भिंतीला भिंत लागून शहर तोवर पार चिकलठाण्यापलीकडं गेलं होतं. मावशींच्या मागच्या पट्टीवर तीन मजली इमारत झाली. तळमजल्यावर पाण्याची मोठी टाकी आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी तिच्यात बॅटरी मारली आणि वॉचमनला अळ्या दाखवल्या. तो म्हणाला, सेक्रेटरीला सांगतो. झाकण कुणी बसवलं का ते मला माहीत नाही.